झानकाठचे वाऱ्यावरचे कारखाने

अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेला, झान नदीच्या काठी, झान्स स्खान्स ही जुन्या पवनचक्क्यांची वस्ती आहे. हिरव्या रंगाची लाकडी घरे आणि नदीकाठी ओळीने उभ्या चक्क्या पाहून हे जुने खेडेच असावे असे वाटते. मुळात हा सगळा पट्टा कारखान्यांचा. अठराव्या शतकात झान परिसरात सुमारे सहाशे पवनचक्क्या होत्या आणि दळण हे त्यांच्या अनेक कामांपैकी फक्त एक होते. बाकीच्या लाकूड कापत, तेल गाळत, कागद बनवत, रंग कुटत.

नेदरलँड्समध्ये पाणचक्क्याही होत्या, पण पूर्व आणि दक्षिणेकडच्या चढउताराच्या भागात. पाणचक्की फिरायची तर पाण्याला उतार हवा. औरंगाबादच्या पाणचक्कीलाही डोंगराकडून जमिनीखालच्या नहरीतून पाणी आणावे लागले. झानकाठी पाणी उदंड, पण जमीन ताटासारखी सपाट. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला मात्र वाटेत काहीच आडवे येत नसे.

या उद्योगाला खरी गती दिली ती कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन या माणसाने. १५९३ साली त्याने वाऱ्यावर चालणाऱ्या करवतीचे पेटंट मिळवले. पात्यांची गोल गती क्रँकशाफ्टमुळे करवतीच्या वरखाली हालचालीत बदलू लागली. अ‍ॅमस्टरडॅमच्या करवतकऱ्यांच्या संघाने पोटावर पाय येणार म्हणून या यंत्राला विरोध केला. झान परिसरात असा संघाचा दबाव नव्हता. साहजिकच लाकूडकाम तिकडे गेले आणि पाठोपाठ जहाजबांधणी वाढली. तिची कीर्ती इतकी, की १६९७ मध्ये रशियाचा झार पीटर ते काम शिकायला वेश पालटून झानदामला येऊन राहिला.

तेलाच्या चक्कीचे काम सर्वांत पाहण्यासारखे. दोन प्रचंड दगडी चाके उभ्यानेच गोल फिरत जवस चिरडतात. तो भरडा चुलीवर परतून लोकरीच्या पिशव्यांत भरतात, पिशव्या घोड्याच्या केसांच्या जाड आवरणात गुंडाळून दाबयंत्रात ठेवतात. मग जड लाकडी ओंडका पाचरीवर आदळू लागतो आणि प्रत्येक ठोक्याला खाली तेल ठिबकते. उरलेली पेंड गुरांना. आपल्याकडचा घाणा बैलाच्या चालीने कुरकुरत चाले. इथला दणका असा, की तेलकामगारांना बहिरेपण ठरलेलेच.

रंगाच्या ‘दे कॅट’ चक्कीची कहाणी वेगळी. सतराव्या शतकात ती तेलचक्की म्हणून उभी राहिली, १७८२ मध्ये जळाली, पुन्हा बांधली गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरचा भाग उतरवल्यावर नुसते गोदाम होऊन राहिली. १९६० मध्ये दुसऱ्या एका जुन्या चक्कीचा वरचा भाग तिच्यावर बसवला. आज तिथे चित्रकारांसाठी आणि जुन्या वास्तूंच्या डागडुजीसाठी रंगद्रव्ये दळली जातात. अस्सल-नक्कलचा काटेकोर हिशेब मांडणाऱ्याला हे खटकेल, पण पाती, दगड, ओंडके बदलत राहणे ही चक्कीची रोजचीच रीत होती.

वाफेच्या यंत्रांनी एकोणिसाव्या शतकात या उद्योगाची सद्दी संपवली. चक्क्या भराभर पाडल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या वाचवण्यासाठी १९२५ मध्ये ‘दे झान्से मोलेन’ ही संस्था स्थापन झाली. १९६१ पासून परिसरातली जुनी घरे एकेक करून झान्स स्खान्सला हलवण्यात आली. काही चक्क्याही अशाच इतर गावांतून आल्या. १९४२ मध्ये पाडलेल्या ‘हेत योंगे स्खाप’ या लाकूडचक्कीची प्रतिकृती २००७ मध्ये उभी राहिली आणि ती खरोखर ओंडके कापते.

चक्की जपायची तर ती चालवणारा हवा. वाऱ्याची दिशा पाहून माथा वळवणे, जोर पाहून पात्यांवर कापड कमी-जास्त पसरणे, वादळाची चाहूल लागताच ब्रेक लावणे हे हाताने करूनच शिकावे लागते. २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत नेदरलँड्समधील पवनचक्क्या व पाणचक्क्या चालवण्याच्या याच कसबाची नोंद केली.