चिनी मातीचे नाव कोणाचे?

चीनमधला विद्यार्थी इंग्रजी शिकू लागतो तेव्हा आपल्या देशाचे नाव तो अगदी सुरुवातीलाच शिकतो: चायना. पुढे कधीतरी घरातल्या वस्तूंचा धडा येतो आणि कपबशा, वाडगे, ताटे यांच्यासाठी पुन्हा तोच शब्द समोर उभा राहतो. उच्चार तोच, स्पेलिंगही तेच. मोठ्या 'सी'ने लिहिला तर १४० कोटी लोकांचा देश, छोट्या 'सी'ने लिहिला तर चहाची बशी.

हा गोंधळ आपल्याला सहज समजू शकतो, कारण मोठे अक्षर आणि छोटे अक्षर हा भेद चिनी लिपीत नाही, उर्दूत नाही आणि मराठीतही नाही. शिवाय त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नाही. आपल्या देशाला तो 'झोंगग्वो' म्हणतो, म्हणजे मधला देश. या भांड्यांना तो 'त्सछी' म्हणतो. साध्या भाजलेल्या मातीच्या भांड्यासाठी त्याच्याकडे वेगळाच शब्द आहे, 'थाओ'. म्हणजे ज्यांनी ही वस्तू घडवली त्यांच्या भाषेत तिच्या नावात देश कुठेच नाही.

इंग्रजीत मात्र या छोट्या चायनाचा संसार मोठा आहे. घरातली ठेवणीतली भांडी म्हणजे चायना. धांदरट माणसाला चायनाच्या दुकानात शिरलेला बैल म्हणतात. लग्नाच्या २० व्या वाढदिवसाचे नाव चायना. लंडनच्या जुन्या बोलीत तर चायना म्हणजे जिवलग दोस्त, कारण 'चायना प्लेट'चे यमक 'मेट' या शब्दाशी जुळते. शिकणाऱ्याला हे सगळे पाठ करावे लागते. पण त्याच्या मनात एक साधा प्रश्न राहतोच: आमच्या देशाचे नाव यांनी बशीला का दिले?

चीनमध्ये याचे एक लोकप्रिय उत्तर सांगितले जाते. या भांड्यांचे सर्वांत मोठे केंद्र जिंगदेझेन. इ.स. १००४ मध्ये सोंग घराण्याच्या बादशहाच्या कारकिर्दीवरून गावाला हे नाव मिळाले. त्याआधी ते 'चांगनान' म्हणून ओळखले जाई, आणि चांगनानवरून चायना झाले, असे सांगतात. गोष्ट गोड आहे, पण कालक्रमात बसत नाही. 'चीन' हे नाव महाभारतात आणि अर्थशास्त्रात आहे. अर्थशास्त्रात चीनपट्ट, म्हणजे चिनी रेशीम येते. ही भांडी जगभर जाऊ लागली त्याच्या कित्येक शतके आधी हे नाव आपल्याकडे रुळले होते. बरेच अभ्यासक त्याचे मूळ छिन या राज्याच्या आणि राजघराण्याच्या नावात शोधतात. म्हणजे देशाचे नाव आधीचे, बशीचे नंतरचे. आणि बशीला ते नाव इंग्रजांनी दिलेले नाही, चिन्यांनीही नाही. ते आले फारसीतून.

बसरा आणि सिराफच्या बंदरांतून निघालेली जहाजे पावसाळी वाऱ्यांच्या आधाराने हिंदुस्थानचा किनारा धरून चीनपर्यंत जात. इ.स. ८५१ मधल्या एका अरबी वृत्तान्तात चीनमधल्या अशा भांड्यांचे वर्णन आहे की ती मातीची असूनही काचेसारखी पातळ आहेत आणि आतले पाणी बाहेरून दिसते. १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातले एक बुडालेले जहाज सापडले. त्यात चिनी भांड्यांचे सुमारे ६० हजार नग होते, आणि जहाजाची बांधणी अरबी पद्धतीची होती: फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, दोरीने शिवलेल्या होत्या. अल-बिरूनीने रय शहरातल्या एका व्यापाऱ्याच्या घराची हकीकत लिहून ठेवली आहे. ते घर चिनी भांड्यांनी इतके भरलेले होते की त्याला अचंबा वाटला.

वस्तू चीनमधून येते म्हणून ती 'चीनवाली', इतका साधा हिशेब. अरबीत 'च' हे अक्षर नाही, म्हणून अरबांचा चीन झाला 'सीन' आणि भांडे झाले 'सीनी'. आजही अरब घरांत ताटाला किंवा तबकाला 'सीनिया' म्हणतात, मग ते तांब्याचे का असेना. फारसीत 'च' आहे, तिथे झाले 'चीनी'. तुर्कस्तानात 'चिनी' म्हणजे भिंतीवरच्या रंगीत फरश्या, ज्या तिथल्याच इझनिकमध्ये बनत. शब्द देशापासून सुटून वस्तूला चिकटला तो असा. इराणच्या शाह अब्बासने १६११ मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला ११०० हून अधिक चिनी भांडी वक्फ केली. ती जिथे मांडली त्या दालनाचे नाव 'चीनीखाना'.

हाच फारसी शब्द दख्खनेत आला. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला इथेच कैदेत ठेवले. किल्ला पाहायला गेलेली मुले हमखास विचारतात की हा महाल चिन्यांनी बांधला का. नाही. त्याच्यावर निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरश्या होत्या, म्हणून तो चिनी. आग्र्याचा 'चीनी का रौजा' म्हणजे शाहजहानचा वजीर अफजल खान शिराझीची कबर. तिथेही चीनचा संबंध नाही, फरश्यांच्या झिलईचा आहे. उर्दूत या फरशीकामाला 'काशीकारी' म्हणतात. त्यातली काशी म्हणजे गंगेकाठची नव्हे, ती इराणच्या काशान शहरावरून आली. मराठीने यात स्वतःची भर घातली आणि 'चिनी माती' हा शब्द केला. लोणच्याची बरणी आपल्याच मातीची, आपल्याच कारखान्यात भाजलेली असली तरी ती चिनी मातीचीच.

इंग्रज इथे आले तेव्हा बाजारात हाच शब्द चालू होता. देशाचे 'चायना' हे नाव त्यांना आधी माहीत होते. ते सोळाव्या शतकातच इंग्रजीत पोचले होते, आणि शेक्सपिअरच्या 'मेजर फॉर मेजर' नाटकात चीनच्या बशांचा उल्लेखही आहे. पण नुसत्या भांड्याला चायना म्हणायची सवय फारसी आणि हिंदुस्थानी 'चीनी'मुळे लागली. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द 'चायनी', 'चेनी' अशा उच्चारांच्या निरनिराळ्या स्पेलिंगांत सापडतो. पुढे शेवटचा 'ई' गळला आणि देश व बशी एकाच स्पेलिंगात येऊन बसले. म्हणजे शिकणाऱ्याला छळणारा तो छोटा 'सी' मुळात फारसी बोलणाऱ्या दुकानदारांची देणगी आहे.

इथपर्यंत वाचून आपल्यातल्या काहींची छाती फुगली असेल. नाव आपले, व्यापार आपला. त्यात आणखी एक गोष्ट घालता येते. 'चिनी' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते ती पांढऱ्यावर निळी नक्षी, आणि तो निळा रंग सुरुवातीला चीनचा नव्हताच. तो कोबाल्टचा. काशानच्या अबुल कासिमने १३०१ मध्ये कुंभारकामावर लिहिताना जवळच्या कमसर गावातल्या या खनिजाची नोंद केली आहे. चौदाव्या शतकात, मंगोलांच्या राज्यात, जिंगदेझेनला वापरला गेलेला उत्तम कोबाल्ट बाहेरून येत होता. चीनमधल्या कोबाल्टमध्ये मँगनीज जास्त असते, त्या काळच्या भांड्यांवरच्या रंगात ते कमी आणि लोह जास्त आढळते. पुढे मिंग काळात अशाच एका आयात निळ्याचे नाव होते 'हुईछिंग'. 'हुई' म्हणजे चीनमधले मुसलमान, 'छिंग' म्हणजे निळा. चिन्यांनी स्वतः या रंगाला मुसलमानी निळा म्हटले. झेंगद बादशहाच्या काळात (१५०६ ते १५२१) तर जिंगदेझेनच्या भांड्यांवर अरबी आणि फारसी मजकूर लिहिला गेला.

पण इथेच थांबायला हवे. 'हे सगळे आपणच जगाला दिले' अशा मजकुराचे मेसेज रोज फिरतात, आणि इतिहास तितका स्वस्त नाही. भांडे चिन्यांनीच घडवले. नवव्या शतकात बसऱ्याच्या कुंभारांनी चिनी भांड्यांची नक्कल करायचा कसून प्रयत्न केला. तशी माती आणि तशी भट्टी त्यांच्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी साध्या मातीवर कथलाची पांढरी झिलई चढवली आणि निळ्या रंगाने नक्षी काढली. काम सुंदर झाले, पण ती चिनी माती झाली नाही. त्यासाठी केओलिन ही पांढरी माती आणि सुमारे १३०० अंशांची आच लागते. केओलिन हा शब्दही जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग, म्हणजे उंच डोंगरधार, या जागेवरून आला. युरोपला हे गुपित १७०८ च्या सुमारास जर्मनीत उलगडले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. इल्मसाठी चीनपर्यंत जा, अशा अर्थाची रिवायत आपल्या जलशांत नेहमी ऐकू येते. हदीसचे जाणकार तिची सनद कमजोर मानतात. पण चीनकडून शिकण्यासारखे होते, हे आपल्या कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक होते, आणि ते कबूल करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. वस्तूचे नाव 'चीनी' ठेवणे ही त्या कबुलीचीच खूण आहे.

उलट बाजूचा हट्टही तितकाच पोकळ आहे. शब्द वेचून बाहेर काढायचे, हा फारसी, हा अरबी, हा परका, असे ठरवायचे आणि मग ज्यांच्या घरात तो शब्द बोलला जातो त्यांनाही परके ठरवायचे. चिनी मातीच्या एका बरणीपुढे हा हिशेब लागत नाही. कारागिरी चीनची, देशाचे नाव आपल्या संस्कृत ग्रंथांत रुळलेले, ते भांड्याला चिकटवले फारसीने, निळा रंग काशानकडचा, 'माती' जोडली मराठीने, आणि आत कैरीचे लोणचे आपल्या घरचे. यातला कोणता तुकडा काढला तर बरणी शाबूत राहील? कागदाचेही तेच आहे: कृती चीनची, शब्द फारसी, आणि त्यावर लिहिलेला अभंग मराठी.

उर्दू माध्यमातली माझी मुले मराठीच्या पेपरात 'कागद', 'बाजार', 'दुकान' हे शब्द घरचे म्हणून लिहितात, आणि मराठी माध्यमातली मुलेही ते घरचेच म्हणून लिहितात. दोघांचेही बरोबर आहे. त्या चिनी विद्यार्थ्यालाही कोणी सांगायला हवे की तुझ्या देशाचे नाव बशीला दिले त्यात हेटाळणी नव्हती. ती बशी शतकानुशतके ज्यांना बनवता आली नाही, त्यांनी ती कुठून येते हे विसरायचे नाही, म्हणून तिच्या नावातच तुझा पत्ता लिहून ठेवला.