पुतळ्यांची माळ आणि कापसाचा भाव

मुदखेडच्या आमच्या जुन्या वाड्याचा विषय निघाला की घरात एकच वाक्य ऐकू यायचं : "पणजोबांनी बुडवलं." कशात, केव्हा, कसं, हे कुणी विचारायचं नाही. आडतीचं दुकान गेलं, काळ्या रानाचे दोन तुकडे गेले, वाड्याचा पुढचा सोपा दुसऱ्याच्या नावावर झाला. खरी हकीकत कळली ती आत्याआजीकडून. त्या दिवसांत ती परकरी पोर होती. तिच्या बोलण्यात सनं यायची ती फसली कालगणनेतली. "तेराशे एकेचाळीस," असं ती म्हणायची. म्हणजे इंग्रजी १९३१-३२.

तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात. हैदराबादहून मनमाडला जाणारी मीटरगेज रेल्वे मुदखेडवरून गेली आणि इथल्या कापसाला मुंबईची वाट सापडली. याच लाइनीवर पुढे उमरी, धर्माबाद. तिथे सरकी काढायची, गाठी बांधायच्या, की माल मुंबईला आणि तिथून जपानला, युरोपला. पणजोबांची आडत बेताचीच. पेरणीच्या वेळी कुळांना उचल द्यायची, कापूस आला की ती वळती करून घ्यायची. उचलीसाठी लागणारी रक्कम ते स्वतः एका मोठ्या सावकाराकडून व्याजाने आणत. घरात खाऊन-पिऊन सुख होतं, दारात गाय होती, लेकी-सुनांच्या अंगावर सोनं होतं. श्रीमंती नव्हती, पण कुणापुढे हात पसरायची वेळही नव्हती.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मुदखेडात त्याची वार्ता कुणाच्या कानी आली असेल असं वाटत नाही. त्याचा फटका मात्र आला. जगभर मागणी आटली आणि १९३१ पर्यंत हिंदुस्थानातल्या कापसाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. आत्याआजी सांगायची, "कापूस होता तेवढाच होता बाबा. गाड्या भरून यायच्या. भाव मेला होता." शेतसारा मात्र रोखच भरायचा होता आणि तो भावाबरोबर उतरला नव्हता. कर्जही चढ्या भावाच्या काळातलं. जे शंभर रुपये एका गाडीत फिटायचे, त्यासाठी आता दोन गाड्या लागत. आणि फिटेपर्यंत व्याज थांबत नव्हतं. त्यात दोन नाण्यांचा हिशेब : संस्थानातला व्यवहार हाली सिक्क्यात, मुंबईचा भाव कलदारात, म्हणजे ब्रिटिश रुपयात. शंभर कलदाराला एकशे सोळाच्या वर हाली मोजावे लागत.

कुळांची उचल बुडाली. पणजोबांनी त्यांच्यामागे तगादा लावला नाही, असं आत्याआजी अभिमानाने सांगायची. "त्यांच्या घरात काय होतं न्यायला?" पण पणजोबांचा सावकार थांबणार नव्हता. आधी रानाचं गहाणखत झालं, मग खरेदीखत.

आणि मग सोनं निघालं. पणजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. ती एकदम विकली नाही. हप्त्याची वेळ आली की पणजी देवघरासमोर बसायची, माळेचा रेशमी गोफ सैल करायची आणि मधली एक पुतळी काढून घ्यायची. रिकाम्या जागी लाखेचा एक मणी ओवून गाठ पुन्हा घट्ट करायची. बाहेर जाताना पदर असा घ्यायचा की मणी झाकले जावेत. सोनार पुतळी तराजूत टाकून गुंजांनी तोलायचा तेव्हा पणजोबा मान खाली घालून बसलेले असायचे. शेवटी माळेत लाखेचे मणीच जास्त झाले.

ही एका घरातली लाज नव्हती. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला. रुपया पौंडाला बांधलेला, म्हणून इथेही सोन्याचा दर चढला. २१ रुपयांच्या आसपासचा तोळा पुढच्या काही वर्षांत ३० च्या वर गेला. कर्जात बुडालेल्या घरांना विकण्यासारखं तेवढंच उरलं होतं. खेड्यापाड्यांतले दागिने आटवले गेले, लगडी होऊन मुंबई बंदरातून लंडनच्या वाटेला लागले. पिढ्यान्‌पिढ्या सोनं बाहेरून आणणारा हा देश सोनं बाहेर पाठवू लागला. निर्यात थांबवा, अशी मागणी काँग्रेसने आणि देशी व्यापाऱ्यांनी केली; सरकारने ती मानली नाही. आमच्या पणजीच्या पुतळ्याही त्याच वाटेने गेल्या असणार.

निजाम सरकारला रयतेचं कर्ज ठाऊक नव्हतं असं नाही. १९२९-३० मध्येच अर्थतज्ज्ञ केशव अय्यंगार यांनी संस्थानातल्या खेड्यांची आर्थिक पाहणी केली होती. सावकारीवर आणि जमिनीच्या हस्तांतरावर लगाम घालणारे कायदेही झाले. पण ते होईपर्यंत दशक सरत आलं होतं आणि आमच्यासारख्यांची रानं हातची गेली होती.

पणजोबा वारले ते मनाला लावून घेऊनच. आपणच कमी पडलो, हीच त्यांची समजूत, आणि पुढच्या दोन पिढ्यांनी तीच खरी मानली. आज मुदखेडच्या शिवारात फुलशेती बहरते. भाव पडला की झेंडू बांधावर टाकावा लागतो आणि तेव्हाही घरातला कर्ता माणूस स्वतःलाच दोष देतो. म्हणून हे लिहिलं. माझ्या पणजोबांनी काही बुडवलं नाही. भाव बुडाला, आणि ते त्याच्याखाली सापडले. पणजीने मणी ओवून घर तारलं, तिचं नाव कुठल्याच खतावर नाही. तुमच्या घरातही असं एखादं "बुडवलं" असेल. जाणती माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, सन विचारा, भाव विचारा, कुणाचं सोनं गेलं ते विचारा आणि लिहून ठेवा.