फिप्सनच्या दुकानातला धनेश

मित्रांच्या गप्पांना विषय नसला तरी चालतं, बसायला जागा मात्र लागते. मुंबईतल्या निसर्ग-अभ्यासाचा इतिहास चाळताना मला हे सारखं जाणवतं.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी राणीच्या बागेतल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ हौशी माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. सहा साहेब आणि दोन आपले डॉक्टर. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक, तर सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या इतिहासात भेटणारी ही मंडळी इथे झाडापाल्याच्या आणि किड्यामुंग्यांच्या गप्पा मारायला आली होती. बेत साधा होता : दर महिन्याला भेटायचं, पाहिलेलं सांगायचं, सापडलेलं दाखवायचं.

सापडलेलं ठेवायचं कुठे, हा प्रश्न सोडवला एच. एम. फिप्सन या फोर्टातल्या दारूच्या व्यापाऱ्याने. जानेवारी १८८४ मध्ये त्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या जागेतली एक खोली देऊ केली. पुढे बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटला गेलं. तिथे १८९४ मध्ये कारवारहून ‘विल्यम’ नावाचा महाधनेश आला, आणि सचिवांच्या खुर्चीमागच्या पिंजऱ्यात २६ वर्षं राहिला. केळी, रानउंबरं, जिवंत उंदीर, विंचू, सगळं खायचा. लांबून फेकलेला टेनिसचा चेंडू चोचीत अचूक झेलायचा. एकदा तर पेटती सिगार गिळूनही त्याला काही झालं नाही. १९२० मध्ये तो गेला तो तार गिळल्यामुळे, असं म्हणतात. संस्थेच्या बोधचिन्हावर आजही धनेशच आहे.

१९०८ च्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन एक शाळकरी पोर या संस्थेत आलं. सचिव मिलर्ड यांनी त्याला हाकललं नाही. चिमणी ओळखून दिली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. ते पोर म्हणजे सालिम अली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात लोकांना पशुपक्षी समजावून सांगायच्या नोकरीवर तेच लागले.

त्याच विभागात आमचा कंपू अधूनमधून शनिवारी जातो. सहाच्या सुमारास पहारेकरी बाहेर काढतो, मग आम्ही चहाच्या टपरीवर. गप्पा तिथेही रंगतात. पण चिमणी घेऊन एखादं पोर आलंच, तर त्याच्यापुढे उघडायला टपरीवर कपाट नसतं.