गळणार हे धरून बांधलेलं घर

कॅम्परचा इतिहास म्हटलं की डोळ्यांसमोर फोटो येतात: तळं, शेकोटी आणि मागे उभं असलेलं चाकांवरचं चकचकीत घर. मला तो इतिहास सांध्यांत दिसतो. गेले दोन उन्हाळे मी इथे ओहायोत 1970च्या दशकातल्या एका अ‍ॅल्युमिनियमच्या कॅम्परवर चढून जुनं सीलंट खरवडते आहे, म्हणूनही असेल.

मुळात या धंद्याची वाढच भिजण्यातून झाली. 1929 साली डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन नावाच्या गृहस्थांनी गाडीमागे ओढायचा घडीचा तंबू विकत घेतला. माणूस जीवाणुशास्त्रज्ञ, औषधांच्या कंपनीचा प्रमुख. तंबू पाच मिनिटांत उभा राहतो, अशी जाहिरात होती. सहलीत वादळी पाऊस आला, तंबू काही वेळेत उघडेना आणि अख्खं कुटुंब चिंब झालं. शर्मननी वैतागून मॅसोनाइटच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाट्यांची, एक पेटीच करून घेतली. पोरांनी तिला ‘कव्हर्ड वॅगन’ म्हणायला सुरुवात केली. 1930च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात त्यांनी ती मांडली आणि 118 विकल्या गेल्या. काही वर्षांतच ते अमेरिकेतले सगळ्यात मोठे ट्रेलरवाले झाले.

पण तंबूचा प्रश्न सोडवताना पेटीने नवा प्रश्न आणला. कापड सलग असतं. पेटीला मात्र भिंत आणि छत मिळतात ती कड असते, खिडकी असते, दिवा असतो, वायुवीजनाची झडप असते. यातलं प्रत्येक म्हणजे एक भोक. पाणी बाहेर ठेवायला बांधलेल्या घरात पाणी आत यायच्या जागा आपणच मोजून-मापून करतो.

1934 साली हॉली बोलस यांनी ही पेटी अ‍ॅल्युमिनियमची केली. हे विमानवाले, लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’च्या बांधणीवर त्यांनी देखरेख केली होती. त्याच घाटाची ‘क्लिपर’ 1936 मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीमने बाजारात आणली. पत्र्यावर पत्रा, मध्ये रिव्हेट. दिसायला देखणं काम. पण अ‍ॅल्युमिनियम तापलं की स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. मोकळा सोडलेला 6 मीटरचा पत्रा 40 अंशांच्या फरकाने साधारण साडेपाच मिलिमीटर वाढतो. इथे उन्हाळा-हिवाळ्यातला फरक त्याहून मोठा. त्यात प्रत्येक खड्डा म्हणजे घराला छोटा भूकंप. सांधा स्थिर नाहीच, तो सतत किंचित हलतो. त्यात काय भरायचं, हा खरा प्रश्न.

खिडकीच्या काचेला सुतार लावतो ती लांबी ही सगळ्यात जुनी युक्ती: खडूची पूड आणि जवसाचं तेल. तेल हवेने सुकतं, लांबी दगड होते आणि पुढच्या धक्क्याला तडकते. घरच्या खिडकीला चालतं, रस्त्यावर धावणाऱ्या खिडकीला नाही. 1937 साली स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी ब्यूटाइल रबर शोधलं. ते हवा फार चांगली धरून ठेवतं, म्हणून युद्धकाळात टायरच्या ट्यूबसाठी त्याची गरज पडली. आज खिडकीच्या चौकटीखाली मी जी काळी-राखाडी चिकट पट्टी लावते, ती त्याच रबराची. ती वाळत नाही. चौकट बसवून स्क्रू आवळायचे, एक दिवस उन्हात ठेवायचं, पुन्हा आवळायचे आणि बाहेर आलेली कड प्लॅस्टिकच्या पातीने कापायची. बाहेरच्या सांध्यावर पॉलियुरेथेन.

आणि सिलिकॉन? कृपा करून नको. आधीच्या मालकाने छतावर नळीच्या नळी रिकाम्या केल्या होत्या. एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर नंतर काहीच धड चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा. माझे दोन उन्हाळे भरण्यात नाही, खरवडण्यात गेले आहेत. धातूची पाती चालत नाही, पत्र्याला ओरखडे पडतात.

एवढा खटाटोप कशासाठी? जमिनीसाठी. या कॅम्परची जमीन प्लायवूडची आहे. पाणी दिव्याच्या भोकातून शिरतं, दोन पत्र्यांच्या मधून उतरतं आणि भलतीकडेच कोपऱ्यात साठतं. वरून काही दिसत नाही. मग एक दिवस कोपऱ्यात पाय ठेवला की लाकूड स्पंजसारखं दबतं. सांध्याची पट्टी काही डॉलरची असते. कुजलेली जमीन बदलायची तर आतलं सगळं सामान उपसावं लागतं.

कोकणात माझे आजोबा दर वैशाखात घर शाकारायचे: कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा रचायची. छप्पर गळलं म्हणून नव्हे. पाऊस येणार म्हणून. ‘लाइफटाइम’ लिहिलेली सीलंटची नळी बघितली की मला त्यांचा चेहरा आठवतो.

असाच विचार करणारे लोक नासामध्येही होते. अपोलो 11चे तिघे 24 जुलै 1969 रोजी समुद्रात उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर चंद्रावरचे जंतू आले असतील तर, अशी धास्ती होती. त्यांना ‘हॉर्नेट’ जहाजावर ज्या खोलीत कोंडलं, ती चाकं काढून बदललेली एअरस्ट्रीमच होती. सोबत एक डॉक्टर आणि एक इंजिनिअर. राष्ट्राध्यक्ष निक्सन मागच्या खिडकीतून बोलले. सगळ्या जगाला जंतूंपासून वाचवायचं काम कॅम्परच्या सांध्यांवर आलं होतं! पण इंजिनिअरांनी सांध्यांवर भिस्त ठेवली नाही. त्यांनी आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवला. फट राहिलीच, तर हवा बाहेरून आत येणार, आतली बाहेर जाणार नाही. आतून जी हवा बाहेर सोडत, ती गाळून.

ती खोली आता वॉशिंग्टनजवळच्या उडवार-हेझी संग्रहालयात आहे, छपराखाली, कोरड्या जागी.