ईश्वरापुढील गाऱ्हाणे : नंदाखाल व मराठी ख्रिस्ती परंपरा

ईश्वरावर रोष धरणे हे पाप समजावे की प्रार्थनेचाच एक प्रकार मानावा, हा ख्रिस्ती धर्मविचारातील जुना प्रश्न आहे. वसई तालुक्यातील नंदाखाल या गावाच्या संदर्भात तो पाहिला असता त्याला भाषेचाही एक पदर आहे, असे दिसून येते.

वसईचा प्रदेश इ. स. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. नंदाखालचे पवित्र आत्म्याचे चर्च त्याच राजवटीत उभे राहिले. येथे जो रोमन विधी चालला, त्याची भाषा लॅटिन होती. या विधीतील एक गोष्ट अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. मृतांसाठी म्हणावयाच्या रात्रप्रार्थनेत नऊ वाचने असत आणि ती सर्व ईयोबाच्या ग्रंथातील असत. माझा पिच्छा सोड, मला गर्भातून बाहेर तरी का काढलेस, असे ईयोब ईश्वरालाच विचारतो. मृताच्या शवापाशी चर्च स्वतः हा जाब विचारीत होते, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु तो लॅटिनमध्ये असल्यामुळे ज्यांच्या घरचे माणूस गेले होते त्यांच्यापर्यंत त्याचा अर्थ पोहोचत नसे. त्यांच्यासाठी उरे तो सोशिक ईयोब. ही प्रतिमाही शास्त्राधारावाचून नाही. याकोबाच्या पत्रात ईयोबाच्या धीराचाच गौरव आहे आणि सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी लिहिलेल्या विस्तृत भाष्याने ती पक्की केली.

मूळ ग्रंथ मात्र वेगळे सांगतो. अखेरीस ईश्वराचा कोप होतो तो ईयोबावर नव्हे, तर ईश्वराची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या त्याच्या मित्रांवर. आणि ज्याने जन्मभराचा दावा मांडला त्याच ईयोबाच्या विनवणीवरून त्या मित्रांना क्षमा मिळते. रोष व करुणा यांचा संबंध येथे परस्परविरोधाचा नाही. योनाच्या कथेत तर तो उलटाच होतो. निनवे नगराला ईश्वराने क्षमा केली म्हणून योना संतापतो. त्याच्या रागाचे कारण ईश्वराची दया हेच आहे! त्याला उत्तर मिळते तेही एका प्रश्नाच्या रूपाने, आणि त्या प्रश्नावरच ग्रंथ संपतो. हिब्रूतील करुणावाचक ‘रहमीम’ हा शब्द ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी संबद्ध आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मराठी वाचकास हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

किंबहुना देवाशी भांडण्याची भाषा मराठीत आधीपासूनच सिद्ध होती. जनाबाईचे विठ्ठलाला उद्देशून आलेले कठोर बोल आणि तुकोबांचे देवाशी झगडणारे अभंग प्रसिद्धच आहेत. फरक आहे तो नात्याचा. संतांचे भांडण हे घरचे भांडण. ईयोबाची मात्र फिर्याद आहे आणि त्याला मध्यस्थ हवा आहे. मराठीतील ‘गाऱ्हाणे’ या एका शब्दात दोन्ही सामावतात, कारण ते पंचांपुढेही मांडले जाते आणि कोकणात देवापुढेही घातले जाते. या सान्निध्याची जाण वसईच्या धर्मपीठालाही होती, असे म्हणावयास हरकत नाही. १९९८ साली स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचे संशोधन तुकारामांच्या ईश्वरानुभवावरच आहे.

प्रॉटेस्टंटांनी बायबलच्या मराठी भाषांतराचा उद्योग पुष्कळ आधी हाती घेतला होता. विल्यम कॅरी यांचा नवा करार १८११ चा, तर पंडिता रमाबाईंचे बायबल १९२४ चे. कॅथलिक उपासनेत लोकभाषेला वाव मिळाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५). नंदाखाल येथे जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली प्रसिद्ध झाले व त्यास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार लाभला. त्याचे महत्त्व केवळ भाषासौकर्यात नाही. पूर्वी धर्मगुरूच्या तोंडी लॅटिनमध्ये राहिलेली ईयोबाची फिर्याद, त्याच गावचा एक धर्मगुरू सर्वांना कळेल अशा मराठीत आणतो, हे त्याचे खरे महत्त्व.

परिषदेनंतर प्रार्थनाग्रंथाची जी फेररचना झाली तीही या दृष्टीने बोलकी आहे. १९७१ च्या आवृत्तीतून स्तोत्रे ५८, ८३ व १०९ वगळण्यात आली. त्यांतील रोष शत्रूंवर आहे, माणसांवर आहे. स्तोत्र ८८ मधील तक्रार थेट ईश्वराविरुद्ध असून ते अंधारातच संपते, आशेचा एक शब्दही शेवटी येत नाही. ते मात्र ठेवले गेले आणि दर शुक्रवारी निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेत आजही म्हटले जाते.