गावचे युद्धस्मारक आणि गावचे जहाजी

आपल्याकडील काही जुन्या गावांच्या चावडीत, वेशीच्या कमानीत किंवा मराठी शाळेच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसविलेली आढळते. दरवर्षीच्या चुन्याच्या हातांनी तिची अक्षरे बुजत आलेली असतात. मजकूर दोन ओळींचाच असतो. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धावर इतके इसम गेले. त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले. पहिले महायुद्ध संपल्यावर, ज्या गावांतून लष्करभरती झाली होती तेथे सरकारने अशा पाट्या बसविल्या. पंजाबात गेलात तरी मजकूर हाच, आपल्याकडेही हाच. बदलतो तो फक्त आकडा. गेले कोण आणि मेले कोण, ते पाटी सांगत नाही.

त्या काळच्या माणसांना नावांची गरज वाटली नसावी. आकडा वाचला की घरे डोळ्यांसमोर येत. पण आता शंभर वर्षे उलटून गेली. पाटीवरचे इसम ज्यांनी पाहिले ते गेले, त्यांच्याविषयी ज्यांनी ऐकले तेही बहुतेक गेले. आज चावडीवर ग्रामपंचायतीचा दाखला घ्यायला आलेल्या तरुणाला विचारावे, की बाबा, या आकड्यात तुझे कोणी आहे का, तर तो पाटीकडे प्रथमच पाहील.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे 13 लाख माणसे परदेशी गेली व 74 हजारांच्या आसपास मेली, हे पुस्तकांत वाचावयास मिळते. महाराष्ट्राचा त्यात वाटा मोठा. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. त्या एका गावचे 46 जण या युद्धात कामी आले असे सांगतात. मराठा पलटणींविषयी एक गोष्ट मात्र आपल्या मुलांना क्वचितच सांगितली जाते. नाव मराठा असले तरी युद्धापूर्वीच्या या पलटणींत घाटावरच्या व कोकणातल्या मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही असत. पलटणीच्या आठ कंपन्यांत साधारणतः दोन त्यांच्या. एकाच तालुक्याचे, एकच बोली बोलणारे, फक्त लंगरखाना वेगळा.

यांपैकी 103, 110 व 117 या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तैग्रिस नदीकाठच्या कूत अल अमारा येथे अडकल्या. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तुर्कांचा वेढा होता. दाणागोटा संपत आला तेव्हा घोड्याचे मांस वाटण्यात येऊ लागले, पण हिंदी शिपाई, हिंदू आणि मुसलमान दोघेही, ते खाईनात. शेवटी हिंदुस्थानातून धर्मपंडितांची व उलेमांची संमती तारेने मागविण्यात आली. तोवर उपासमारीने व रोगाने माणसे खंगली होती. सुमारे 13 हजार लोक कैद झाले, आणि त्यांतील पुष्कळ हिंदी शिपाई रास अल ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर वाळवंटातून पायी नेले गेले. वाटेत जे पडले त्यांची कबर कोण कोठे खणणार? मुसलमान शिपायाला तर आणखी एक कोडे होते. समोरचा शत्रू खलिफाचा शिपाई होता आणि लढाईच्या आसपास करबला व नजफसारखी पवित्र ठिकाणे होती. तरीही आपले बहुसंख्य लोक पलटणीबरोबर राहिले. त्यांच्या मनात काय चालले असेल त्याचा अंदाज आपण घरी बसून करू नये.

मेसोपोटेमियात मेलेल्या व कबर नसलेल्या 40 हजारांहून अधिक लोकांसाठी बसरा येथे स्मारक बांधले गेले व 27 मार्च 1929 रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली आहेत, हिंदी अंमलदारांचीही कोरली आहेत. पण सुमारे 33 हजार साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके हिंदी शिपाई’ एवढीच ओळ आली. म्हणजे गावच्या चावडीत आकडा आणि बसऱ्याच्या दगडावरही आकडाच. 1997 साली हे स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले. एप्रिल 2021 मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतःच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि आशिया व आफ्रिकेतील मृतांना समान वागणूक दिली गेली नाही, हे मान्य करून क्षमा मागितली. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे 1927 साली उघडलेल्या हिंदी स्मारकावर मात्र 4,700 हून अधिक नावे कोरलेली आहेत. यावरून मनात आणले असते तर नावे कोरता आली असती, एवढे नक्की कळते.

हे झाले शिपायांचे. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतून मात्र शिपायांपेक्षा वेगळीच माणसे युद्धावर गेली, आणि ती चावडीच्या आकड्यातही धरलेली नाहीत. ते आपले जहाजी.

बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, जैतापूर या खाड्यांच्या तोंडची मुसलमान वस्ती पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पोट भरत आलेली. गलबते मागे पडून आगबोटी आल्या तेव्हा हेच लोक मुंबईच्या गोदीत जाऊन बोटीवर चढले. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या विलायती कंपन्यांच्या बोटींवर कामाची वाटणी ठरून गेलेली होती. डेकवर रत्नागिरीचे व गुजरात किनाऱ्याचे खलाशी, बॉयलरपाशी पंजाबी व पठाण आगवाले, आणि भटारखान्यात व सलूनमध्ये गोव्याचे. डेकवर सर्वांच्या वर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग सुकाणी आणि खलाशी. सारंग बहुधा आपल्याच गावची, आपल्याच नात्यातली पोरे भरती करी. त्यामुळे बोट बुडाली की एकाच मोहल्ल्यात चार-चार घरी रडारड होई. सरकारी बोटींची गोष्टही फारशी निराळी नव्हती. रॉयल इंडियन मरीन आणि 1934 नंतर तिचेच रूप असलेली रॉयल इंडियन नेव्ही, यांच्या खलाशांची भरती दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातूनच होत असे.

1914 साली ब्रिटिश व्यापारी बोटींवर 51 हजारांवर हिंदी व आशियाई खलाशी होते. पगार गोऱ्या खलाशाच्या अंशाइतका आणि निजायची जागा त्याहून कमी. युद्ध सुरू झाले तेव्हा जर्मन बंदरांत असलेल्या बोटींवरचे लोक तेथेच अटकेत पडले. पुढे पाणबुड्यांचा कहर सुरू झाला. 30 डिसेंबर 1915 रोजी मुंबईकडे निघालेली ‘पर्शिया’ ही प्रवासी बोट क्रीट बेटाजवळ पाणबुडीच्या पाणतीराने काही मिनिटांत बुडाली. बोटीवरील 519 पैकी 343 जण गेले व त्यांत हिंदी खलाशी मोठ्या संख्येने होते. त्या युद्धात असे 3,427 खलाशी मेले व सुमारे 1,200 शत्रूच्या कैदेत पडले, असा हिशेब इतिहासकार देतात.

खलाशी सरकारच्या लेखी शिपाई नव्हता. त्याची भरती गावी तहसीलदारासमोर होत नसे. मुंबईच्या शिपिंग ऑफिसात करारावर अंगठा उठवला की झाले. म्हणून गावच्या लष्करभरतीच्या हिशेबात तो बसला नाही. ज्या गावच्या पाटीवर आकडा लहान आहे त्या गावाने युद्धात थोडेच सोसले, असे म्हणता येत नाही, आणि पुष्कळ बंदरी गावांत तर पाटीच नाही.

समुद्रात गेलेल्या माणसाच्या घरी काय होत असेल याचाही विचार करावा. मय्यत नाही, गुसल नाही, कफन नाही. आपली कोकणी जमात शाफई मजहबाची असल्यामुळे दूरदेशी मेलेल्याची गायबाना जनाजाची नमाज पढता येते, ही एक सोय होती. परंतु त्यासाठी तो मेला अशी खात्रीची खबर तर हवी. बोट बुडाली, माणूस दुसऱ्या बोटीने उचलला, की शत्रूने धरून नेला, की गेला, हे महिनोन्‌महिने कळत नसे. तोवर बायको सधवा की विधवा? इद्दत केव्हापासून मोजावयाची? दागिने, जमिनीचा तुकडा, मुलांचा वारसा, सगळे त्या एका खबरीवर अडून राही. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल तर मुसलमान स्त्रीला कोर्टाकडून निकाह रद्द करून घेता यावा अशी तरतूद 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने केली, आणि त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मेला असे धरून चालण्याचा पुराव्याच्या कायद्यातील नियम तर आधीपासून होता. या कलमांमागे आपल्याच मोहल्ल्यातल्या किती आया-बहिणी उभ्या असतील! पाटीवर त्यांचा आकडाही नाही.

दुसऱ्या महायुद्धाचा हिशेब आणखी मोठा आहे. सुमारे 6,600 हिंदी खलाशी मेले आणि 1,200 हून अधिक कैद झाले. 20 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ तिसऱ्याच दिवशी, 23 तारखेला, जपानी पाणबुडीने बुडविली. प्रवासी व खलाशी मिळून 954 पैकी 280 जण गेले. त्याच युद्धात माणगाव तालुक्यातील पळसगावचा नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत एकट्याने शत्रूची मशिनगन घेऊन पडला व त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्याचा पुतळा आहे, कसीनोच्या स्मारकावर नाव आहे, आणि जुलै 2023 मध्ये इटलीतील मोंतोने येथे त्याच्या नावाचे स्मारक उघडले. याचा प्रत्येक कोकणी माणसाला अभिमान वाटावा. पण असे भाग्य लाखांत एकाचे.

तथापि आपल्या जहाजींची नावे अगदीच हरवलेली नाहीत. मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनापासून जवळच इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या व समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या 2,000 हून अधिक खलाशांचे स्मारक तेथे आहे. इंग्रज व्यापारी खलाशांचे स्मारक लंडनला टॉवर हिलवर मोठ्या चौकात आहे. आपले मस्जिद बंदरच्या गर्दीत, गोण्यांच्या हातगाड्यांमागे. रोज किती कोकणी माणसे त्या रस्त्याने जात असतील! दुसऱ्या महायुद्धातील सुमारे साडेसहा हजार खलाशांची नावे स्मरणग्रंथात नोंदलेली असून ती मुंबई व चितगाव या दोन्ही ठिकाणी जपली आहेत. फाळणीने देश वाटला गेला, ही यादी मात्र एकत्रच राहिली. आयोगाच्या यादीत आता घरबसल्याही शोध घेता येतो आणि काही नोंदींत बापाचे व गावाचे नाव आहे.

शोधणाऱ्याने मात्र एक ध्यानात ठेवावे. नोंद करणाऱ्या कारकुनाने कानाला वाटले तसे लिहिले आहे. इब्राहिम, महंमद, अब्दुल्ला ही नावे चार-चार तऱ्हांनी सापडतात, आडनाव तर पुष्कळदा गाळलेलेच असते. तेव्हा एकाच स्पेलिंगवर विसंबू नये. बापाचे नाव आणि गाव जुळते का ते पाहावे. पंजाबातील भरतीच्या जुन्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्यांतील सुमारे 3 लाख 20 हजार नावे 2021 साली लोकांसमोर आली. आपल्याकडे सुरुवात गावापासूनच करावी लागेल.

ज्या घरांतून कोणी युद्धावर गेले होते त्यांनी जुन्या पेट्या उघडाव्यात. खलाशाच्या नोकरीचा दाखला, ज्याला आपले लोक ‘नली’ म्हणत, तो सापडला तर त्यात बोटीचे नाव व तारखा मिळतील. पहिल्या युद्धाचे पदक असेल तर त्याची कड उजेडात धरून पाहावी. त्या कडेवर शिपायाचे नाव, क्रमांक व पलटण कोरलेली असते. चांदीचे म्हणून पुष्कळ पदके सोनाराच्या मुशीत गेली, काहींना कडी लावून पोरींच्या गळ्यात घातले गेले. ज्या घरी अजून आहे त्यांनी निदान कडेवरची अक्षरे वहीत उतरून शाळेत आणून द्यावी, आणि चावडीवरच्या पाटीचा आकडा त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. खाली नावांना जागा सोडावी.