पाळणा कोणी लांबवावा? : शंभर वर्षांचा मागोवा

स्त्रियांच्या मंडळाची स्मरणिका निघाली की तीत स्त्रीशिक्षणाचा इतिहास येतो, विधवांच्या स्थितीचा इतिहास येतो, मतदानाच्या हक्काचाही येतो. ते सर्व यावेच. परंतु आपल्या आजीच्या आयुष्यात व आपल्या आयुष्यात जो सर्वांत मोठा फरक पडला, त्याचा उल्लेख सहसा होत नाही. आजीची आठ-दहा बाळंतपणे झाली, त्यांतली चार-पाच मुले हाती लागली. आपल्याला दोन मुले, आणि ती दोन्ही डोळ्यांपुढे वाढताना दिसतात. 1951 च्या सुमारास आपल्या देशात एका स्त्रीला सरासरी सहा मुले होत. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील हा आकडा 1.7 आला. हे कसे घडले, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे मनोरंजक आहे, व आपल्या उपयोगाचेही आहे. विषय चारचौघींत बोलण्याचा नाही असे काहींना वाटेल. पण चारचौघींतच तो बोलला जात नाही म्हणून तो एकटीने सोसावा लागतो.

या इतिहासाचा आरंभ मुंबईत, एका कोकणी माणसापासून होतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनला मेरी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र काढले तेही त्याच वर्षी, यावरून रघुनाथराव काळाच्या किती पुढे होते याची कल्पना यावी. या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. 1927 साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले व 1953 साली मृत्यू येईपर्यंत चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. पत्नी मालतीबाई यांची त्यांना या कामात मोलाची साथ होती. रघुनाथरावांचे म्हणणे थोडक्यात असे की, मूल केव्हा व्हावे आणि व्हावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार जिला ते पोटात वाढवायचे आहे तिचा आहे. एवढे साधे वाक्य, पण ते त्या काळी कोणाला रुचले नाही.

डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे कायदेमंडळात नेला. 1938 च्या नोव्हेंबरात मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यावरील भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. प्रसूतीच्या वेदना पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक अपत्याला कोणी पुरुष राजी झाला नसता, अशा आशयाचा मुद्दा त्यात होता. ठराव 11 विरुद्ध 52 मतांनी फेटाळला गेला. त्याच्या तीन वर्षे आधी, 1935 च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई वर्ध्याला महात्मा गांधींना भेटल्या होत्या. वारंवार होणाऱ्या बाळंतपणांनी स्त्री खंगते, हे दोघांनाही मान्य होते; परंतु गांधीजींना कृत्रिम साधने मान्य नव्हती, संयम हाच मार्ग असे ते म्हणत. संयम नवऱ्याने पाळला नाही तर बायकोने काय करावे, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला.

याच सुमारास पुण्यात शकुंतला परांजपे यांनी काम आरंभले. रँग्लर परांजप्यांची ही कन्या केंब्रिजला गणित शिकलेली. 1937 च्या 'कुंकू' चित्रपटात वृद्ध वराच्या समाजसेविका मुलीची भूमिका त्यांनी केली होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. 1938 पासून वीस वर्षे त्यांनी संततिनियमनाचा प्रसार केला. पुढे त्या विधान परिषदेत व राज्यसभेत गेल्या आणि 1991 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. 1949 साली मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला. धन्वंती रामा राव व आवाबाई वाडिया या त्यातल्या प्रमुख. 1952 साली मुंबईतच आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी सरकारने हे काम पहिल्या पंचवार्षिक योजनेत घेतले. पण सुरुवात कशी झाली ती पाहा. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आलेल्या डॉ. अब्राहम स्टोन यांनी सुरक्षित दिवस ओळखण्यासाठी रंगीत मण्यांच्या माळा करविल्या. रोज एक मणी सरकवायचा, मण्याच्या रंगावरून दिवस ओळखायचा. दिल्लीत व म्हैसूरकडील रामनगर येथे हा प्रयोग झाला, आणि तो फारसा यशस्वी झाला नाही. यात नवल ते काय? मणी मोजणे बायकोच्या हाती होते, पण त्या दिवशी 'नको' म्हणणे तिच्या हाती कोठे होते?

हीच अडचण इतर साधनांनाही होती. रबरी टोपी वापरायची तर डॉक्टरणीने बसवून दाखवायला हवी, धुण्याला पाणी हवे, ठेवण्याला जागा हवी; दोन खणांच्या घरात सासू-सासऱ्यांसह राहणाऱ्या सुनेला हे कसे जमावे? 'निरोध' 1968 साली आला, 15 पैशांना तीन. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगला. परंतु निरोध वापरायचा की नाही हे पुरुषाच्या मर्जीवर. 1965 साली लूप आला. तो स्त्रीच्या हाती राहणारा, म्हणून पहिल्याने पुष्कळ जणींनी बसवून घेतला. पुढे रक्तस्राव होऊ लागला, कंबर दुखू लागली, आणि बसविणारी मंडळी पुढच्या गावी निघून गेलेली. एकीचा त्रास दहाजणींना कळला आणि लूपचे नाव गेले. साधन देऊन भागत नाही, दिल्यानंतर विचारपूस लागते, हा धडा येथे मिळाला.

आज नसबंदी म्हटली की बाईचीच, असे आपण धरून चालतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तसे नव्हते. 1967 च्या सुमारास मुंबई महापालिकेने मोठ्या रेल्वे स्टेशनांवर पुरुषांच्या नसबंदीची केंद्रे उघडली होती. आपल्या शेलू स्टेशनावरून ज्या गाडीने माणसे नोकरीला जातात, त्याच गाडीच्या शेवटच्या टोकाला हे काम चाले. त्या काळी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत पुरुषच अधिक असत.

मग आली आणीबाणी. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या 60 लाखांहून अधिक पुरुषांच्या. कोटे ठरले, जबरदस्ती झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही एवढेच. 1977 साली सरकार पडले, 'कुटुंबनियोजन' जाऊन 'कुटुंबकल्याण' असे नाव आले. पुरुषांच्या मनात जी धास्ती बसली ती मात्र गेली नाही, आणि पुढाऱ्यांनीही त्यांना पुन्हा सांगण्याचे धाडस केले नाही. सारा भार मुकाट्याने स्त्रीकडे आला. दुर्बिणीची, म्हणजे आपण बिनटाक्याची म्हणतो ती, शस्त्रक्रिया आल्यावर शिबिरे भरू लागली, ती बायकांनी.

आजचा हिशेब असा आहे. वर सांगितलेल्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे 66 जणींच्या घरी काही ना काही साधन वापरले जाते. त्यांतल्या 49 जणींचे स्वतःचे आपरेशन झालेले आहे. नवऱ्याचे झालेले आहे असे घर दोनशेत एखादे. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पोट उघडावे लागत नाही. मात्र तिच्यानंतर तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते. 'त्यांना जड काम असते, ताकद जाईल' ही समजूत निराधार आहे, आणि जड काम बाईलाही असतेच.

तेव्हा कोणती बाई साधन वापरते व कोणती वापरत नाही, याची कारणे या इतिहासातूनच सापडतात. पहिले कारण मुले जगण्याचा भरवसा. 1951 च्या सुमारास देशात हजारांतली दीडशेच्या आसपास अर्भके वर्षाच्या आत जात. तेथे दोघांवर कोण थांबेल? दुसरे मुलगा. दोन मुली झालेल्या सुनेला 'आणखी एकदा बघू' असे सांगितले जाते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला, पण घरातले बोलणे कायद्याने थांबत नाही. तिसरे लवकर लग्न. आजही राज्यात शंभरातल्या 22 मुलींचे लग्न अठराच्या आत होते. मग विशीत दोन मुले आणि पंचविशीच्या आसपास आपरेशन. दोन मुलांत अंतर ठेवण्याचा विचार मधल्यामध्ये राहून जातो. चौथे कारण आजाराची भीती. गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगाला कळले की शंभरातल्या 92 जणींना अंगावर काढलेला कोणता ना कोणता आजार होता. जिचे जुने दुखणे कोणी विचारले नाही, ती नव्या साधनावर विश्वास कसा ठेवील? पाचवे कारण अंतराचे व पोटाचे. आपल्या कर्जत-खालापुराकडच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात; तीन महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' इंजेक्शनची तारीख त्यांना भट्टीवर कोणी आठवण करून द्यायची?

या सर्व कारणांच्या तळाशी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे निर्णय कोणाचा. ज्ञान नव्हते तेव्हा स्त्री अडली हे खरे. पण ज्ञान आल्यावरही ती अडली, कारण तिला विचारले गेले नाही. जे साधन तिला कोणाच्या मर्जीवाचून घेता आले तेच तिने घेतले, आणि ते बहुधा सर्वांत शेवटचे व कायमचे होते.

म्हणून भगिनींनो, काही गोष्टी आपणांस ठाऊक असाव्यात. आपरेशनसाठी नवऱ्याची संमती सरकारी नियमाप्रमाणे लागत नाही, स्त्रीची स्वतःची पुरते. तांबी दहा वर्षेपर्यंत चालणारी असते व हवी तेव्हा काढता येते. 'अंतरा' इंजेक्शन व आठवड्याची 'छाया' गोळी सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. यांपैकी आपल्या प्रकृतीला काय मानवेल ते आशाताईंना व डॉक्टरांना विचारावे, आणि त्रास झाला तर पुन्हा जाऊन सांगण्यात संकोच करू नये.

मंडळाने या वर्षी एक करावे असे सुचवावेसे वाटते. हळदीकुंकवाच्या दिवशी आपण वाण देतो, तसे एका संध्याकाळी डॉक्टरांना बोलवावे, आणि त्या दिवशी आपापल्या घरच्या पुरुषांना बरोबर आणावे. बायकांची सभा बायकांनी ऐकून घरी गेली की विषय उंबऱ्यावरच थांबतो. तो आत गेला पाहिजे. लेकीच्या लग्नाआधी तिच्याशी, आणि मुलाच्या लग्नाआधी त्याच्याशीही, आईने हे बोलावे. रघुनाथरावांना जे सांगितल्याबद्दल कोर्टात उभे राहावे लागले, ते आपण आपल्या स्वयंपाकघरात बसून निर्भयपणे सांगू शकतो, एवढी सोय तरी शंभर वर्षांनी झाली आहे. तिचा उपयोग करावा, इतकेच सांगणे.